यंत्राचा दुभाषी : मराठी अक्षर, नेटवर्कवरचा प्रिंटर आणि एका सेटिंगचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाल्यावर काहींनी विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस प्रिंटरवर काय बोलणार? विचारणं रास्त आहे. पण आम्ही आयुष्यभर ज्या प्रश्नाभोवती फिरलो तो हाच, की एकाच्या मनातला अर्थ दुसऱ्यापर्यंत जसाच्या तसा पोचतो कसा, आणि मध्ये बिघडतो तो नेमका कुठे. संगणकाच्या पडद्यावर स्वच्छ दिसणारं मराठी पान कागदावर चौकोनांची रांग होऊन बाहेर पडतं, तेव्हा हाच प्रश्न हुडकेश्वर रोडवरच्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानात उभा असतो.

हुडकेश्वर हे आपल्या डोळ्यांदेखत गावाचं शहर झालेलं ठिकाण. ग्रामपंचायत गेली, महापालिका आली. शेतांचे ले-आउट पडले आणि प्रत्येक प्लॉटमागे कागद आला. सातबारा, फेरफार, कर पावती, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, पोरांचे प्रवेशाचे फॉर्म, आणि आमच्यासारख्या पेन्शनवाल्यांचा दर नोव्हेंबरातला हयातीचा दाखला. हे सगळं जिथून निघतं त्या दुकानात दोन-तीन संगणक असतात, प्रिंटर एकच, आणि मध्ये राऊटर. आणि तिथं हे वाक्य कानावर येतं : “काकू, मराठी नाही येऊन राहिलं. इंग्रजीत भरून देऊ काय?” काकू म्हणतात, “दे बाबा, काम झालं म्हणजे झालं.”

पाहा, एका कागदावरून मराठी गेली. कुणी तसा हुकूम काढला नव्हता, कुणाच्या मनातही तसं नव्हतं. एक सेटिंग कुणी उघडून पाहिलं नाही, एवढंच घडलं. ते सेटिंग तिथं आलं कुठून, हा आजचा इतिहास.

दुभाषी कोण असतो?

१६७४ साली शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन रायगडावर आला. त्याच्याबरोबर नारायण शेणवी नावाचा दुभाषी होता. इंग्रजाला मराठी येत नाही, दरबाराला इंग्रजी येत नाही. दोन्ही बाजूंचं बोलणं या एका माणसातून जायचं. तो चुकला तर तह चुकला. आणि चूक झाली हे कळणार कुणाला? दोन्ही बाजू तर त्याच्यावरच विसंबलेल्या.

प्रिंटर ड्रायव्हर म्हणजे हा नारायण शेणवी. संगणकातला लेख एका भाषेत असतो, प्रिंटरला समजते दुसरीच भाषा. मध्ये बसलेला हा छोटा प्रोग्राम एकाचं दुसऱ्याला समजावतो. न्यायदर्शनात शब्द हे एक प्रमाण मानलं आहे, पण बोलणारा आप्त असला तरच. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे बरं का. ज्याला गोष्ट खरोखर माहीत आहे आणि जशी माहीत आहे तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. ड्रायव्हरची परीक्षा याच दोन कसोट्यांवर करायची. याला मराठी अक्षर माहीत आहे का? आणि माहीत असलेलं तो तसंच पुढे पोचवतो का?

खिळ्यांपासून ठिपक्यांपर्यंत

यंत्राला मराठी शिकवण्याची खटपट जुनी आहे. विल्यम केरी यांचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला छापलं गेलं ते देवनागरी खिळ्यांत, कारण मोडीचे खिळे तेव्हा तयार नव्हते. १८१० मध्ये त्यांचा मराठी कोश आला तो मोडीत. आपल्या नागपूरकर भोसल्यांची वंशावळीसुद्धा १८१६ मध्ये तिकडेच छापली गेली. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापलं. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यानं राणोजी रावजी आरू यांच्यासारख्या कारागिराच्या हातून असं अक्षर घडवलं, की ‘निर्णयसागर’ हे देवनागरी टाइपाच्या सौंदर्याचं मापच होऊन बसलं.

त्या काळात दुभाषी कोण होता? कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारा. रोमन लिपीला थोड्या खिळ्यांत भागतं. देवनागरीला जोडाक्षरं, काने, मात्रा, रफार धरून शेकडो खिळे लागतात. कुठला खिळा कुठल्या घरात आणि कुठला कुठल्याला जोडायचा हे ज्ञान त्या माणसाच्या बोटांत होतं. यंत्राला लिपी येत नव्हती, माणसाला येत होती. लोकमान्य टिळकांनी देवनागरी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा खटाटोप केला, सावरकरांनी अ ची बाराखडी सुचवली. दोघांपुढचा प्रश्न एकच होता : यंत्रानं लिपीजवळ यायचं की लिपीनं यंत्राजवळ जायचं?

टंकलेखन यंत्रानं उत्तर देऊन टाकलं. मोजक्या कळांत सगळी लिपी बसवायची, म्हणून अक्षरांचे तुकडे झाले. १९५६ पर्यंत नागपूर मध्यप्रदेशाची राजधानी होती, त्यामुळे इथल्या कचेऱ्यांत मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांचा कारभार चाले. तुटकी जोडाक्षरं आणि सरकलेल्या मात्रा आमच्या पिढीनं सरकारी कागदांवर पुष्कळ पाहिल्या आणि निमूट वाचल्या.

मग संगणक आला, त्याच्याबरोबर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. त्याच्या चिपमध्ये अक्षरांचे नमुने कोरलेले असत, ते रोमन. ‘क’ पाठवा म्हटलं तर त्याच्याकडे ‘क’ नाहीच. आयआयटी कानपूरमध्ये या प्रश्नावर काम झालं आणि १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झाल्यावर ते ‘जिस्ट’ या नावानं पुढे गेलं. संगणकात एक जादाचं कार्ड बसवायचं, ते भारतीय लिप्यांचं काम पाहील. १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेनं इस्की ही संकेतप्रणाली मानक म्हणून स्वीकारली आणि युनिकोडमधल्या देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८ च्या आवृत्तीवरून झाली.

मधल्या काळात एक तात्पुरता मार्ग निघाला आणि तो फार वर्षं टिकला. ‘योगेश’, ‘सुरेख’ अशा फाँटांत मजकूर आतून रोमन अक्षरांच्या जागांवर बसलेला असे, वर फक्त चेहरा देवनागरीचा. फाँट जागेवर असेल तोवर ‘महाराष्ट्र’ असं वाचता येई. फाँट बदलला की मुखवटा गळून पडे आणि खालची रोमन चिन्हांची गिचमीड उघडी पडे. कागदावर अशी गिचमीड आली की लोक म्हणत, प्रिंटर बिघडला. प्रिंटर बिचारा शाबूत असे. दुभाष्यानं परस्पर फाँट बदललेला असे.

विंडोज २००० बरोबर ‘मंगल’ हा युनिकोड फाँट आला. तो मुंबईच्या र. कृ. जोशी यांनी रेखलेला. आता मराठी अक्षराला जगात सगळीकडे एकच क्रमांक मिळाला. पण क्रमांक मिळाला म्हणजे चेहरा मिळालाच असं नाही. कागदावर आकार उमटवायचा असतो, आणि तो आकार काढायचा कुणी, संगणकानं की प्रिंटरनं, हा वाद शिल्लक होता.

एक प्रिंटर, अनेक माणसं

आता जरा कॅलिफोर्नियात जाऊ, कारण हा वाद तिथं सुरू झाला. १९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात गॅरी स्टार्कवेदर यांनी लेझर प्रिंटर बनवला आणि त्याच केंद्रात १९७३ मध्ये बॉब मेटकाफ यांनी इथरनेटची कल्पना मांडली. एक महागडा प्रिंटर अनेकांनी वाटून घ्यायचा, हा विचार त्या घरातच मुरलेला होता.

त्याच कंपनीचा एक लेझर प्रिंटर १९८० च्या सुमारास एमआयटीच्या प्रयोगशाळेत आला. तो वेगळ्या मजल्यावर असे आणि त्यात कागद अडके. रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्राममध्ये अशी सोय केली होती, की कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांना निरोप जाई. नव्या प्रिंटरचा मूळ प्रोग्राम मात्र कंपनीनं दिला नाही आणि ज्याच्याकडे तो होता त्या संशोधकानं गुप्ततेचा करार दाखवून नकार दिला. स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरची जी चळवळ पुकारली तिच्या मुळाशी हा अनुभव होता, असं ते स्वतः सांगत आले आहेत. आम्हाला यात एक जुना प्रश्न दिसतो. दुभाषी काय बोलतो हे तपासायचा अधिकार त्याच्यावर विसंबणाऱ्याला आहे की नाही?

पुढे दोन भाषा रूढ झाल्या. जॉन वॉरनॉक आणि चार्ल्स गेश्की झेरॉक्स सोडून निघाले, १९८२ मध्ये त्यांनी अडोबी कंपनी काढली आणि पोस्टस्क्रिप्ट ही पानाचं वर्णन करणारी भाषा दिली. ह्युलेट-पॅकार्डची पीसीएल ही दुसरी. एका भाषेतला मजकूर दुसरीच भाषा जाणणाऱ्या प्रिंटरला पाठवला, तर पानामागून पानं इंग्रजी चिन्हांनी भरून निघतात. ज्यांनी हे पाहिलंय ते आत्ता हसले.

हुडकेश्वरच्या दुकानातले तीन आजार

हा इतिहास हाताशी धरून दुकानातल्या प्रिंटरकडे पाहिलं तर आजार मुख्यतः तीन दिसतात.

पहिला आजार पत्त्याचा. नेटवर्कवर प्रिंटरला एक आकडी पत्ता असतो आणि बहुधा तो राऊटर वाटून देतो. लाइट गेली, परत आली, राऊटर नव्यानं सुरू झाला की प्रिंटरला वेगळा पत्ता मिळू शकतो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर कागद पाठवत बसतो आणि पडद्यावर ‘ऑफलाइन’ असं दाखवतो. घर बदललेल्या माणसाच्या जुन्या दारात पोस्टमन उभा राहावा, तसं. उपाय असा, की राऊटरमध्ये प्रिंटरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवायचा. मग प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये ‘पोर्ट्स’ उघडून तोच पत्ता आहे ना ते पाहायचं. तिथंच ‘एसएनएमपी स्टेटस’ची खूण असते. संगणक या मार्गानं प्रिंटरची खुशाली विचारतो. काही प्रिंटर या प्रश्नाला उत्तरच देत नाहीत आणि धडधाकट असून ‘ऑफलाइन’ ठरतात. तसं असेल तर ती खूण काढून टाकायची.

दुसरा आजार भाषेचा, आणि आपल्या विषयाचा गाभा हाच. ड्रायव्हरपुढे दोन रस्ते असतात. एक, अक्षराचा क्रमांक पाठवायचा आणि ‘आकार तू काढ’ असं प्रिंटरला सांगायचं. दोन, आकार इथंच काढून चित्र पाठवायचं. इंग्रजीसाठी पहिला रस्ता सोपा, कारण मोठ्या ऑफिस प्रिंटरच्या पोटात रोमन फाँट भरलेले असतात. आपल्या ‘क्ष’ आणि ‘ऱ्या’ ची जुळणी मात्र त्याला ठाऊक नसते. तो चौकोन काढतो, किंवा मात्रा अक्षराच्या शेजारी उतरवून ठेवतो. गंमत पाहा, साध्या स्वस्त प्रिंटरला हा त्रास कमी होतो. त्याला स्वतःचं असं काहीच येत नाही, संगणक देईल ते ठिपके तो उमटवतो. थोडं येणारा जाणकार इथं अडाण्यापेक्षा जास्त घोटाळा करतो.

म्हणून ड्रायव्हरच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ उघडायचं. तिथं ‘प्रिंट टेक्स्ट ॲज ग्राफिक्स’ किंवा त्या अर्थाची ओळ असेल तर ती चालू करायची. फाँट बदलण्याविषयी पर्याय असेल, तर प्रिंटरचा फाँट न वापरता ‘डाउनलोड ॲज सॉफ्टफाँट’ निवडायचं. पीडीएफ छापताना ‘प्रिंट ॲज इमेज’ हा पर्याय असतो. छपाई जरा सावकाश होईल, अक्षर मात्र पडद्यावर दिसतं तसंच येईल. एवढ्यानं भागलं नाही तर प्रिंटरच्या नेमक्या मॉडेलचा, पीसीएलऐवजी पोस्टस्क्रिप्टचा ड्रायव्हर लावून पाहायचा, अर्थात प्रिंटरला ती भाषा येत असेल तरच.

हा बारकावा नुसता दिसण्यापुरता नाही. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांत फरक एका चिन्हाचा, पण एक कागद गुरूकडे जातो आणि दुसरा स्वयंपाक्याकडे. महाराष्ट्र शासनानं २००९ मध्ये प्रमाण वर्णमालेचा निर्णय काढला. ‘ॲ’ ला युनिकोडमध्ये स्वतःची जागा २००८ मध्ये मिळाली. एवढ्या खटपटीनं ठरलेलं अक्षर शेवटच्या चार फुटांत, संगणकापासून प्रिंटरपर्यंत, हरवत असेल आणि त्या अक्षरावर कुणाचं आडनाव अवलंबून असेल, तर त्या माणसाला नाव दुरुस्तीसाठी पुन्हा खेटे घालावे लागतात.

तिसरा आजार कागदाचा. प्रिंटरमध्ये भरपूर कागद असतो तरी तो ‘कागद घाला’ म्हणून दिवा लावून बसतो. कारण ड्रायव्हरमध्ये ‘लेटर’ हा अमेरिकन आकार निवडलेला असतो आणि ट्रेमध्ये असतो आपला ए-फोर. लेटर आहे २१६ बाय २७९ मिलिमीटर, ए-फोर २१० बाय २९७. ए-फोरच्या मुळाशी असलेलं गुणोत्तर १७८६ मध्ये जर्मन विचारवंत लिख्टेनबर्ग यांनी एका पत्रात मांडलं होतं : कागद मधोमध दुमडला तरी त्याची ठेवण बदलत नाही. जर्मनीनं १९२२ मध्ये ते मानक केलं आणि पुढे बहुतेक जगानं उचललं. तेव्हा संगणकावर आणि प्रिंटरच्या स्वतःच्या मेनूत, दोन्हीकडे ए-फोर ठेवा. एकीकडे ठेवून भागत नाही.

दुभाष्यावर पहारा

आता अलीकडचा भाग. २०२१ च्या जूनअखेर विंडोजच्या छपाई व्यवस्थेत ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची मोठी फट उघडकीला आली. ड्रायव्हर बसवण्याच्या वाटेनं कुणीही आत शिरून संगणकाचा ताबा घेऊ शकत होतं. आप्त समजून घरात घेतलेल्या माणसाच्या वेषात चोर! मायक्रोसॉफ्टनं जुलैत दुरुस्ती दिली. ऑगस्टपासून ड्रायव्हर बसवायला ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार सक्तीचा केला. सप्टेंबरच्या दुरुस्तीनंतर एका संगणकाला जोडून इतरांशी ‘शेअर’ केलेले अनेक प्रिंटर अचानक बंद पडले आणि शेवटी ‘११बी’ असणारा एरर क्रमांक जगभरच्या कचेऱ्यांत दिसू लागला.

त्यावर लोकांनी रजिस्ट्रीत बदल करून पहाराच उठवण्याची युक्ती काढली. प्रिंट निघते, पण दार उघडं राहतं. ज्या संगणकावर लोकांचे आधार क्रमांक आणि बँकेचे तपशील येतात, तिथं ही युक्ती करू नये असं आमचं स्पष्ट मत आहे. सगळे संगणक अद्ययावत करा आणि प्रिंटर नेटवर्कचा असेल तर तो प्रत्येक संगणकाला त्याच्या पत्त्यानं थेट जोडा. मधला एक संगणक बंद म्हणून तिघांचं काम अडायचंही त्यानं थांबतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं, की इतर कंपन्यांच्या जुन्या पद्धतीच्या ड्रायव्हरांचा आधार टप्प्याटप्प्यानं कमी केला जाईल. १९९९ मध्ये मांडल्या गेलेल्या इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉलवर उभी असलेली सामाईक पद्धत पुढे येते आहे. तिच्यात प्रत्येक कंपनीचा वेगळा दुभाषी लागत नाही, आणि बहुतेक वेळा पान संगणकातच पूर्ण तयार होऊन जातं. मराठीला हे सोयीचं आहे, कारण अक्षराचा आकार काढण्याचं काम ज्याला ते येतं त्याच्याकडेच राहतं. पण आपल्या दुकानांतले, शाळांतले, कचेऱ्यांतले जुने प्रिंटर अजून पुष्कळ वर्षं चालतील. तोवर हे सेटिंग कुणीतरी उघडावं लागेल.

आता त्या काकूंकडे वळतो. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्काचा कायदा आहे. ठरलेल्या मुदतीत दाखला मिळणं हा नागरिकाचा हक्क आहे. पण तो दाखला तिच्या भाषेत, तिचं नाव बरोबर लिहून हातात पडणं हे शेवटी काउंटरमागच्या एका पोराला ड्रायव्हरचं एक पान उघडता येतं की नाही यावर येऊन ठेपतं. त्या पोराला दोष देऊ नका. त्याला हे कुणी शिकवलेलंच नाही. आपण भाषेच्या प्रश्नावर परिषदा घेतो, ठराव करतो, आणि कागद जिथून निघतो तिथं ढुंकूनही पाहत नाही. जुन्या छापखान्यात कंपोझिटरला कुठला खिळा कुठल्या घरात ते शिकवणारा उस्ताद असे. आज ती जागा रिकामी आहे.

म्हणून आमची विनंती साधी आहे. तुमच्या घरी, शाळेत, वाचनालयात, सोसायटीच्या ऑफिसात जो नेटवर्कवरचा प्रिंटर असेल, त्याच्या बाजूला भिंतीवर एक कागद लावा. त्यावर चार गोष्टी लिहा : प्रिंटरचा राखीव पत्ता, नेमका ड्रायव्हर कोणता, मराठीसाठी कुठली खूण चालू ठेवायची, आणि कागदाचा आकार ए-फोर. मग चाचणीसाठी एक पान छापा. त्यात ‘ज्ञानेश्वर’, ‘हुडकेश्वर’, ‘दऱ्याखोऱ्या’, ‘बाळकृष्ण’ आणि ‘ॲड्रेस’ हे शब्द असू द्या. पाचही शब्द बरोबर आले तर तुमचा दुभाषी आप्त आहे असं समजायला हरकत नाही. आणि कुणाला ‘इंग्रजीत भरून देऊ काय’ असं विचारलं जात असेल, तर दोन मिनिटं थांबून ते सेटिंग उघडून दाखवा.

इथं थांबतो. प्रश्न असतील तर अवश्य विचारा. प्रिंटरचे विचारले तरी चालतील.